ॲक्शन लर्निंगने कंपनीतले प्रश्न खरंच सुटतात का, की तेही एक ट्रेनिंगच?

सुटतात, पण प्रश्न खरा हवा, ट्रेनिंगसाठी बनवलेला नको. ॲक्शन लर्निंग म्हणजे छोट्या गटाने एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर काम करत शिकणं. ही पद्धत ब्रिटनच्या रेग रेव्हन्स यांची (मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये लांब उडी मारलेले!). १९४० च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना व्याख्यानं देण्यापेक्षा त्यांनी एकमेकांच्या अडचणींवर बोलावं, असा त्यांचा आग्रह होता.

ती चालते अशी: साधारण पाच-सहा जणांचा गट. एकाने अडलेलं काम मांडायचं. बाकीच्यांनी सल्ला न देता आधी प्रश्न विचारायचे. ‘हा निर्णय नक्की कुणाच्या हातात आहे?’ ‘आजवर काय करून पाहिलं?’ आपल्याकडे हेच जड जातं. साहेब समोर बसला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. म्हणून माणसं एकाच पातळीवरची, पण वेगवेगळ्या खात्यांतली घ्या. उठण्याआधी प्रत्येकाने पुढच्या बैठकीपर्यंत काय करणार ते सांगायचं, आणि पुढची बैठक त्याच्याच हिशोबाने सुरू करायची. हा हिशोब टाळला तर उरतात नुसत्या गप्पा.

आणि उत्तर आधीच ठाऊक असेल तर गट कशाला? मशीन बंद पडलं तर सरळ मेकॅनिक बोलवा.