सहकाऱ्याच्या बोलण्यातला 'न'-'ण' सुधारणं चूक आहे का?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातला सहकारी 'पानी', 'कोन', 'लोनी' म्हणतो, तुमच्या कानाला ते सहन होत नाही, तुम्ही चारचौघांत तिथल्या तिथे 'पाणी' म्हणून दुरुस्त करता आणि हल्ली तो तुमच्याशी कामापुरतंच बोलतो. यात चूक कोणाची, आणि त्याला न दुखावता कसं सांगायचं.

चूक तुमची. तो काहीतरी सांगत असतो आणि तुम्ही ते सोडून त्याच्या जिभेकडे बघत असता. लोकांच्या सवयींपैकी माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी सवय हीच. मोठ्याने फोनवर बोलणारे, रांगेत घुसणारे, ओळख नसताना पगार विचारणारे हे सगळे मी सहन करतो. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून त्याचा उच्चार सुधारणारा माणूस मला सहन होत नाही.

मी अकोट तालुक्यातला. गेली सत्तावीस वर्षं पुण्यात मुद्रितशोधन करतो. लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं आणि न-ण तपासणं हाच माझा धंदा. त्यामुळे भाषेची काळजी नसलेला माणूस म्हणून माझं म्हणणं बाजूला ठेवू नका.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे आणि तिथलं जमिनीतलं पाणी खारट असतं. विहीर खोदली तरी पिण्याचं पाणी मिळेलच असं नाही. लहानपणी आमच्याकडे पाहुणा आला की तो आधी घोट घेऊन बघायचा आणि मग बोलायचा. 'पानी गोड हाय' ही आमच्याकडे घराची स्तुती असते. साखरेशी तिचा काही संबंध नाही. जिथलं पाणी गोड, तिथे मुलगी द्यायला लोक राजी असतात.

१९९९ साली माझं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, एका डीटीपी सेंटरमध्ये अक्षरजुळणी करायची, तिथेच आमची ओळख. बोलणी करायला बाबा महाराष्ट्र एक्सप्रेसने आले. धोतर, टोपी, आणि सोबत घरच्या तुरीची दहा किलो डाळ. गाडीत बसल्यापासून त्यांनी ती पिशवी पायाशी धरून ठेवली होती. मुलीच्या घरी बसल्यावर पितळी तांब्या-भांड्यातून पाणी आलं. बाबांनी भांडं उंच धरून, वरून धार सोडून, एका दमात ते संपवलं, उपरण्याने मिशा पुसल्या आणि मुलीच्या आईकडे बघून मनापासून म्हणाले, "पानी गोड हाय जी तुमच्याकडचं."

त्यांच्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं ते.

मुलीचे मामा, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक, समोरच्या खुर्चीत होते. ते हसून म्हणाले, "पानी नाही हो पाहुणे, पाणी. बाणातला ण." घरातला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा खुदकन हसला आणि 'पानी, पानी' करत आत पळाला. आतून अजून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. मुलीची आई घाईने म्हणाली, "अजून आणू का?" बाबा म्हणाले, "नाई, नाई."

त्यानंतर दोन तास बाबा 'हो' आणि 'नाई' यापलीकडे गेले नाहीत. देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता, तारीख काढायची होती, पाहुणे किती येतील ते ठरवायचं होतं. सगळं मीच बोललो. एरवी बाबा म्हणजे गावात भांडणं मिटवायला बोलावतात असा माणूस. जेवताना त्यांचं पाण्याचं भांडं रिकामं झालं. वाढणारी बाई दोनदा समोरून गेली. बाबांनी एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिला म्हणाले, "तहान लागली जी."

मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. पुढे लग्नानंतर ते आमच्याकडे येऊन राहू लागले तेव्हा ते माझ्या बायकोच्या लक्षात आलं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा माझ्याकडे कधीच पाणी मागत नाहीत. तहान लागली म्हणतात. असं का?" मी विचार केला आणि मग कळलं. 'तहान लागली' यात कुठेही ण येत नाही. त्या दिवशी भरल्या ताटावर बसून माझ्या बापाने चुकणार नाही असं वाक्य शोधून काढलं होतं आणि पुण्यात तेच कायमचं धरून ठेवलं होतं.

परत जाताना पुणे स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो होतो. बाबांनी पिशवीतून बाटली काढली आणि न उघडता हातात धरून ठेवली. म्हणाले, "ते कसं म्हनतेत रे?" मी सांगितलं. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची आणि सोडायची. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस गर्दीत बसून जीभ टाळूला लावून बघत होता. दोनदा 'पाडी' झालं, मग पुन्हा 'पानी'च. "जमत नाई बाप्पा. राहू दे," म्हणाले आणि बाटली तशीच आत ठेवली. मी तेव्हा त्यांना शिकवायला नको होतं. 'तुम्ही बरोबरच बोलता' एवढं म्हणायला हवं होतं. ते मला सुचलं नाही, कारण मी नवा नवा मुद्रितशोधक होतो आणि मलाही आतून ते चूकच वाटत होतं.

ते चूक आहे का, ते बघू.

संस्कृतात शब्द आहे 'पानीय', त्यात नळातला न. प्राकृतात त्याचं 'पाणिअ' झालं आणि त्यावरून आपलं 'पाणी' आलं. म्हणजे ण मागाहून आला. 'लोणी' घ्या. मूळ 'नवनीत', दोन्ही न. 'दोन जण' म्हणतो त्यातला 'जण' मूळचा 'जन'. तेव्हा 'पाणी' मूळचं आणि 'पानी' हे त्याचं बिघडलेलं रूप, असं जे डोक्यात बसलेलं असतं ते शब्दाच्या प्रवासाकडे पाहिलं तर टिकत नाही. आता वऱ्हाडात 'बाण' या शब्दाचंही 'बान' होतं आणि तो तर संस्कृतातूनच ण घेऊन आलाय, त्यामुळे वऱ्हाडी माणूस संस्कृत जपतो असला उलटा दावा मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की उच्चार मुलखागणिक बदलतात. पुण्याकडे एक ठरला, तो छापखान्यात आणि क्रमिक पुस्तकात गेला, म्हणून तो प्रमाण झाला. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्याच्या बऱ्याच भागात, आगरी-कोळी वस्त्यांत लोक पिढ्यान् पिढ्या 'पानी' म्हणत आले. आमच्याकडे 'मला' नाही, 'मले'. 'डोळा' नाही, 'डोया'. 'काहून बोलून राह्यला', म्हणजे 'का बोलतोयस', हे आमचं रोजचं बोलणं आहे.

मामांचं एक आवडतं वाक्य होतं, तुमच्याकडची मराठी हिंदीने बाटवली. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला. पन्नासहून जास्त वर्षं कचेरीत हिंदी भाषकांशी संबंध आला, त्याचा रंग लागला हे खरंच आहे. पण मराठीतला आद्य चरित्रग्रंथ, म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात लिहिला गेला. हा ग्रंथ ज्या महानुभाव पंथाचा, त्यातले केशवराज सूरी संस्कृतात लिहायला लागले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं, म्हाताऱ्या बायकांना ते कळायचं नाही म्हणून, असं महानुभाव परंपरा सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मामांनीच घरच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदनाचा लांबलचक मेसेज टाकला होता. त्यात लीळाचरित्र होतं. रिद्धपूर आमच्या बाबांच्या मुलखात आहे, हे मी गटावर लिहिलं नाही. इथे लिहितो.

आणि हे शुद्धीवाले स्वतः 'त्याने माझी मदत केली' म्हणतात. मराठीत मदत एखाद्याला करतात. 'खूप सारे लोक' म्हणतात, मराठीला 'खूप लोक' पुरतात. ही हिंदीची सरळ नक्कल त्यांच्या कानाला लागत नाही, कारण ती सुशिक्षित तोंडातून येते. 'पानी' लगेच लागतं, कारण ते धोतरवाल्या तोंडातून आलेलं असतं. तुमचं तसं नसेल. पण एकदा तपासून बघा की तुम्ही आजवर तुमच्या साहेबांचा एखादा उच्चार चारचौघांत सुधारलाय का.

दहा-बारा वर्षांपूर्वी मामांनी त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाची स्मरणिका माझ्याकडे तपासायला दिली. बत्तीस पानं, संपादकीय त्यांच्याच हातचं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'जेष्ठ नागरिक'. ज्येष्ठ मधला य गायब. आत 'महत्व', 'तज्ञ', 'उध्वस्त', 'आशिर्वाद', 'पारंपारिक', आणि 'सभासदांनी आमची मदत केली'. एकट्या संपादकीयात एकवीस दुरुस्त्या निघाल्या. त्या आठवड्यात घरात बारसं होतं, सगळे नातेवाईक जमणार होते. मुखपृष्ठ वर करून 'मामा, ज्येष्ठला य असतो' म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. चौदा-पंधरा वर्षं ते वाक्य माझ्या पोटात होतं.

मी शिसपेन्सिलीने समासात खुणा केल्या, पानं पाकिटात घातली, पाकीट बंद केलं आणि स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिलं. बारशाला त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

आता काही गोष्टी राहून गेल्या त्या सांगतो, नाहीतर मी सगळंच चालतं म्हणतोय असं वाटेल. लेखन नियमाने व्हावं. साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली वाढवलेले चार असे अठरा नियम आहेत, ते मी रोज लावतो आणि 'पानी' छापलेलं दिसलं तर 'पाणी' करतो, अर्थात पात्राच्या तोंडी नसेल तर. पण ते नियम लेखनाचे आहेत. आणि तेही हलत आले आहेत. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांच्या पत्रांत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असं आहे. तेव्हा तेच शुद्ध होतं, आज मी ते सगळे अनुस्वार काढतो. शाळेत मुलांना ण शिकवावा, वर्गात कोणाला हसू न देता. बातम्या देणाऱ्याने, निवेदन करणाऱ्याने तो कमवावा, त्याला त्याचेच पैसे मिळतात. आणि कोणी स्वतःहून विचारलं तर जरूर सांगावं.

तुमच्या सहकाऱ्याचं तुम्ही लिहिलंय की तो ग्राहकांशी फोनवर बोलतो. ग्राहकांची तक्रार आली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आली नसेल तर विषय संपला. आली असेल तर ते त्याच्या साहेबांनी, दार लावून, एकदा सांगायचं आहे. तुम्ही फक्त झाल्या प्रकाराबद्दल त्याची माफी मागा, आणि तीही बाजूला नेऊन. सगळ्यांसमोर मागितलीत तर पुन्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघतील. कानाला त्रास होतो म्हणता, तो ऐकून ऐकून जाईल. माझ्या बायकोचा गेला. आता ती अकोल्याला फोनवर 'मले' म्हणते.

पाकीट दिल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री मामांचा फोन आला. म्हणाले, "महत्त्वला दोन त का हो?" मी म्हटलं, "मूळ शब्द महत्, त्याचा एक त. पुढे त्व लागतं, त्याचा दुसरा. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व, सगळीकडे तसंच." ते म्हणाले, "थांबा, लिहून घेतो." मी थांबलो. मग त्यांनी तज्ज्ञ विचारला, उद्ध्वस्त विचारला. वीसेक मिनिटं आम्ही बोललो. बाबा तेव्हा आमच्याकडेच होते, आतल्या खोलीत झोपले होते. मामांनी त्यांची चौकशी केली, बरे आहेत म्हटलं. १९९९ चा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.