जुनं तेलाचं वेल्डिंग मशीन स्वस्तात मिळतंय, घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गाळा विक्रोळीला, लाइन सिंगल फेज, काम बहुतेक खिडक्यांच्या ग्रिलचं, आणि कुर्ल्यात 300 अँपिअरचं जुनं ऑइल-कूल्ड, म्हणजे वायंडिंग तेलात बुडवून थंड ठेवणारं मशीन बघून ठेवलंय. हे सगळं धरलं तर माझं उत्तर 'नको' असं आहे. मशीन वाईट म्हणून नव्हे. असलं ट्रान्सफॉर्मर मशीन नीट वापरलं तर बापाकडून मुलाकडे जातं, कारण आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. अडचण तुमच्या मीटरची आहे.

हिशेब सोपा आहे. दहा नंबरचा, म्हणजे साधारण सव्वातीन मिलिमीटरचा रॉड 120 अँपिअरवर चालवायचा आणि मशीनचा रिकामा, म्हणजे रॉड टेकवण्याआधीचा व्होल्टेज 75 धरला, तर ते लाइनकडून 9,000 व्होल्ट-अँपिअर मागतं. 415 व्होल्टवर, म्हणजे दोन फेजवर, हे झाले 22 अँपिअर. 230 वर तेच जवळजवळ 40. एमसीबी तरी पडेल, नाहीतर वायर तापेल, आणि शेजारचा गाळेवाला दिवे मिचमिचले की भांडायला येईल. तेवढ्याच कामाला इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन, साधारण वीस-बावीस अँपिअर घेतो. शिवाय आधी प्लेट वाचा: तिच्यावर नुसतं 415 लिहिलं असेल तर तुमच्या लाइनवर ते चालणारच नाही.

दुसरी गोष्ट, ग्रिलला तुम्ही 18 गेजचा पातळ पाइप वापरत असाल. एवढी मोठी मशीनं खालच्या करंटला अडतात आणि पातळ पाइपला भोकं पडतात. 6013 हा नेहमीचा रॉड एसीवर छान चालतो, पण उद्या 7018 या जास्त मजबुतीच्या रॉडची कामं आली तर त्याला डीसी बरा, तो यात नाही.

थ्री फेज घ्यायचं ठरलं असेल, जाड अँगल-चॅनलची कामं येणार असतील, तर मात्र जाऊन नीट बघा. पहिला प्रश्न: वायंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं? मालकाच्या शब्दावर जाऊ नका. टर्मिनलपाशी वार्निश किंचित खरवडलं की लाल की पांढरं ते दिसतंच. तांब्याच्या मशीनला भंगारातसुद्धा वजनावर भाव येतो. म्हणून 'तांब्याचं आहे' म्हणत कोणी भंगारापेक्षाही कमी सांगत असेल तर मी दोनदा खरवडेन. कंपनीच्या पाटीवर भाळू नका, पाटी तीच राहते आणि आतलं वायंडिंग दोनदा बदललेलं असतं.

मग तेल. झाकण उघडून वास घ्या, जळकट आणि काळं असेल तर वायंडिंग तापलेलं आहे. टाकीच्या तळातलं चमचाभर तेल काढून तापवा. तडतडलं तर पाणी शिरलंय. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारी हवा, त्यामुळे हे हमखास सापडतं. वायंडिंगवाल्याकडून 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. वायंडिंग आणि बॉडीमध्ये दोन-अडीच मेगाओहमच्या खाली आलं तर विषय सोडा. हे निव्वळ मशीनच्या आयुष्यासाठी नाही. घामाने भिजलेल्या हातमोज्यात रिकामे 75 व्होल्ट एसी माणसाला धरून ठेवतात.

ट्रायलला स्वतःचे आठ नंबरचे, म्हणजे दहापेक्षा जाड रॉड न्या आणि चार-पाच लागोपाठ जाळा. एका रॉडवर कुठलंही मशीन गोड वागतं. करंटचं हँडल शेवटपर्यंत फिरतं का, आणि आर्क चालू असताना आत खडखड होते का, तेही बघा. खडखडलं तर आतली लोखंडी कोअर ढिली आहे.

जुना इन्व्हर्टर मात्र फुकट दिला तरी घेऊ नका. ग्राइंडरची धूळ बोर्डावर बसलेली असते, आणि बोर्ड गेला की दुरुस्तीत नव्याच्या किमतीकडे जाता. तुमच्या कामाला नवीन 200 अँपिअरचा, बिल आणि वॉरंटीसकट, लोहार चाळ किंवा नागदेवीला चार दुकानं फिरून घ्या. सात-आठ किलोचा डबा खांद्याला अडकवून सोसायटीच्या सातव्या मजल्यावर नेता येतो. ते तेलाचं धूड शंभर किलोच्या वर. त्याला छोटा हत्ती आणि दोन हमाल लागतील, आणि तो खर्च विकणारा भावात कधीच धरत नाही.