पावसाळ्यात अडकलेला सागवानी खण

चिपळूणच्या घराच्या जुन्या तुळया चिरून तुम्ही हाताने तीन खणांचं कपाट केलंत. मे महिन्यात अलगद सरकणारा खालचा खण जुलैत हलेना, म्हणून रंधा मारू की लोखंडी चॅनेल लावू, असं विचारताय. चॅनेल नकोच. त्याला दोन्ही बाजूंना साधारण 13 मिलिमीटर जागा लागते. म्हणजे इतक्या मेहनतीने कापलेले डव्हटेल, म्हणजे कोपऱ्यांत एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांचे सांधे, मोडून खण अरुंद करावा लागेल. आणि रंधा आत्ता नको.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. कपाटाच्या बाजूच्या फळ्यांच्या रेषा उभ्या, त्यामुळे खणाची जागा आहे तेवढीच राहते. खणाच्या फळ्यांच्या रेषा आडव्या, म्हणून खण उंचीला वाढतो. माझ्या एका खणाची 20 सेंटीमीटर उंच दर्शनी फळी मेपेक्षा ऑगस्टमध्ये दीड मिलिमीटर जास्त भरली. उन्हाळ्यात खण बसवताना वर दोन मिलिमीटर फट ठेवायची ती याचसाठी. भर पावसात बनवत असाल तर पोस्टकार्ड सरकेल एवढी पुरते.

मूठ धरून ओढू नका, पुढचा सांधा निखळेल. वरचा खण काढा, आत हात घालून मागून ढकला. बाहेर आला की कडांना खडू फासून पुन्हा थोडा सरकवा. जिथला खडू पुसला जाईल तिथे तो घासतोय.

वरच्या कडेला घासत असेल तर ऑगस्टअखेरपर्यंत थांबा. तेव्हा लाकूड पुरतं फुगलेलं असतं. खुणेपुरताच, एकेक पातळ छिलका काढत रंधा मारा. आत्ता अंदाजाने मारलात तर जानेवारीत बोटभर फट दिसेल.

बाजूंना घासत असेल तर मात्र मला तळाची शंका आहे. तळाची फळी चारही बाजूंनी चिकटवली, असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या पहिल्या कपाटात मी हेच केलं होतं. तळाच्या रेषा पुढून मागे होत्या. पावसात फळी रुंदावली आणि तिने दोन्ही बाजू बाहेर रेटल्या. मागच्या डव्हटेलमध्ये नखभर फट पडलेली पाहून फार वाईट वाटलं होतं. तळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे हव्यात. फळी खाचेत नुसती सरकवायची, चिकटवायची ती फक्त पुढच्या कडेला. मागची फळी खालून तोकडी ठेवायची आणि तळाला तिथे लांबट भोकातून एकच स्क्रू द्यायचा. मग तळ फुगला तरी मागे सरकतो, बाजूंना रेटत नाही.

घासणाऱ्या कडांना आणि खण ज्यावर सरकतो त्या आतल्या पट्ट्यांना साधी मेणबत्ती फासा. तेल लावू नका, धूळ धरून ते चिकट होतं. आणि जुन्या तुळयांचं लाकूड आहे, तेव्हा रंध्याआधी एकदा लोहचुंबक फिरवून घ्या. आत तुटलेला खिळा राहिला असेल तर पात्याची धार जाईल.