शहापूरकडच्या पाड्यावर सेवासहलीला जाताना काय न्यावं? माणशी १२०० रुपये जास्त आहेत का?

१२०० मधले पाड्यावर किती राहतात, ते आयोजकांना तोंडावर विचारा. आणि जुने कपडे नेऊ नका. नेऊच नका.

सहा वर्षांपूर्वी कळव्याच्या आमच्या मंडळाची अशीच सहल शहापूर तालुक्यात गेली होती. पुढाकार माझ्या दिरांचा. बसच्या टपावर कपड्यांच्या गोण्या. मे महिना, विहिरीने तळ गाठलेला, बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघतायत. ज्या तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी इकडे शहरं पितात, तिथे आम्ही बिसलेरीचे खोके उतरवले! गोण्यांतून निघालं काय, तर टिकल्यांचा घागरा, एका पायाचा बूट, आमच्याच नणंदबाईंचा गाऊन. एका आजीने घागरा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा आवणीला नेसू का?" (आवणी म्हणजे भाताची लावणी.) बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले, आणि नंतर बॅनर धरून फोटोलाही उभी राहिले. जेवायला आम्ही नेलेली पुरीभाजी.

भाऊजी आजही म्हणतात, "वहिनी, दिलेलं मोजायचं नसतं." मोजायचं असतं, भाऊजी. बस ठाण्याची, आचारी ठाण्याचा, बॅनर ठाण्यात छापलेला. पाड्याला मिळाला तो घागरा.

गेल्या जूनमध्ये तिथल्याच बचत गटाच्या बायकांनी ठेवलेल्या सहलीला गेले. आसनगावला उतरून पुढे गावातलीच जीप. तांदळाची भाकरी आणि शेवळाची रानभाजी, काकडं ही आंबट रानफळं घालून केलेली, त्यामुळे घशाला खाज नाही. (ठाण्याच्या बाजारात शेवळाच्या जुडीचा भाव विचारून बघा.) पैसे घेतले, वहीत लिहिले, जीपवाल्याचे तिथेच चुकते केले. काय आणू म्हणून आधी फोन केला होता, तर ताडपत्री म्हणाल्या. पावसाच्या तोंडावर दुसरं काय मागणार? वहीच्या पानाचा फोटो भाऊजींना पाठवला. उत्तरादाखल हात जोडलेले आले.

हां, सगळ्याच संस्था तशा नसतात, कुणाची आरोग्य शिबिरं खरंच कामाची असतात. दिवाळीनंतर जाणार असाल तर कातकरी पाडे अर्धे रिकामे सापडतील, माणसं वीटभट्ट्यांवर असतात. आवणीच्या दिवसांत तर जाऊच नका, तुमच्यासाठी रांधायला कुणाला सवड नसते. आणि परतीच्या कसारा लोकलची वेळ आधीच बघून ठेवा.