कोठडीतल्या कबुलीवर सही झाली, आता सुटकेची आशा सोडायची का?

नाही, इतक्यात सोडू नका. तुम्ही लिहिलंय की भावाने कोठडीत चाकू मारल्याचं कबूल केलं, 'चाकू काढून देतो' म्हणाला आणि त्या कागदावर त्याची सही आहे. मी फौजदारी बाजूचा वकील आहे. घरचे लोक या सहीनेच सगळ्यात जास्त खचतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. पण त्या कागदातला मोठा भाग कोर्टात पुरावा म्हणून येऊच शकत नाही.

पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, मग खाली सही असो वा अंगठा. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३ मध्ये आहे.

खरी लढाई आहे ती अपवादावर, म्हणजे जुन्या कलम २७ वर. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी गोष्ट उघडकीस आली, तर तिच्याशी थेट जोडलेलं तेवढंच बोलणं ग्राह्य धरतात. किती, ते प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ठरवलं. त्यातलं उदाहरण तुमच्या भावाला जसंच्या तसं लागू पडतं. 'घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो' एवढं चालतं. त्याला 'ज्याने मी अमक्याला भोसकलं' हे जोडलं, तर ते शब्द बाद. कारण शोध लागला तो चाकू तिथे दडवलाय आणि ते आरोपीला ठाऊक आहे, एवढ्याच गोष्टीचा. त्याने वार झाला का, हे सरकार पक्षाला वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं. चाकूवर रक्त कोणाचं, जखमा त्या पात्याशी जुळतात का, मुद्देमाल सीलबंद होता का, हे सगळं त्यात आलं.

म्हणून दोषारोपपत्राची प्रत मिळाली की आधी निवेदन पंचनामा (आरोपी काय बोलला त्याची नोंद) आणि जप्ती पंचनामा (वस्तू कशी मिळाली त्याची नोंद) शेजारी ठेवून वाचा. पंचांना निवेदनाच्या आधी बोलावलं होतं की नंतर? भावाचे स्वतःचे शब्द आहेत की पोलिसी भाषेतला सारांश? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद ऊर्फ नंदलाल भारती खटल्यात याच गोष्टी बारकाईने तपासल्या. तपासी अधिकाऱ्याने नुसतं 'पंचनामा केला, सही माझी' म्हणून भागत नाही. आरोपी नेमकं काय बोलला ते त्याने साक्षीत सांगावं लागतं, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलंय. अनेक खटल्यांत सरकार पक्ष इथेच अडखळतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. ते झालंय का, हेही वकिलांना विचारायला लावा.

एक मुद्दा मात्र तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. चाकू उघड्या जागी सापडला म्हणून जप्ती आपोआप बाद होत नाही. तो सहज दिसत होता की दडवलेला होता, हे न्यायालय बघतं.

आणि मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, लावलाय का, ते आजच विचारून घ्या. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नियमानुसार नोंदवलेला कबुलीजबाब चालतो. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला तर कुठल्याही गुन्ह्यात चालतो. भावाला तिथे नेलंच, तर दंडाधिकारी आधी सांगतील की कबुली देण्याचं बंधन नाही. त्याने 'मला काही बोलायचं नाही' म्हटलं, तर त्या कारणाने त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. भेट होईल तेव्हा हे त्याच्या कानावर नक्की घाला. मुलं घाबरून बोलतात ती याच भीतीपोटी.