फ्रीझर थंड आहे, मग कॉम्प्रेसर गेला कसा?

ताई, सप्रेम नमस्कार.

सांगलीहून पाठवलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही घरून रोज १४ डबे देता. नऊ वर्षांपूर्वी घेतलेला २६० लिटरचा फ्रॉस्ट फ्री फ्रिज पंधरा दिवसांपासून त्रास देतोय. मेकॅनिकने उभ्या उभ्या पाहिलं आणि ‘कॉम्प्रेसर गेला, गॅससकट ९,२०० रुपये’ म्हणून सांगितलं. दुकानदाराचं म्हणणं, जुन्यात एवढे पैसे कशाला घालता, २७,००० चा नवा घ्या, महिना २,२५० चे बारा बिनव्याजी हप्ते. तुमच्याकडे ६०,००० ची एफडी आहे, पण ती मोडायला मन होत नाही. भिशीचा नंबर चार महिन्यांनी आहे, तेव्हा २४,००० हातात येतील. दुरुस्ती करू, हप्त्यावर घेऊ की भिशीपर्यंत कळ काढू, असं तुम्ही विचारलंय.

तूर्त यातलं काहीच करू नका. कारण तुमच्याच पत्रात एक ओळ अशी आहे, जिच्यामुळे हा सगळा हिशोब बदलतो: ‘वर बर्फ होतोय, आइस्क्रीम घट्ट आहे, पण खाली दूध नासतं आणि मळलेली कणीक संध्याकाळपर्यंत आंबते.’

कॉम्प्रेसर बंद पडला असता तर वरचं आइस्क्रीमही एव्हाना पातळ झालं असतं. फ्रीझर गोठवतोय याचा अर्थ कॉम्प्रेसर चालतोय. थंडावा तयार होतोय, तो खाली पोचत नाहीये. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते आणि एक छोटा पंखा तिथली गार हवा खालच्या कप्प्यात ढकलतो. त्या कॉइलवर बर्फ साचतोच. तो वितळवायला दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो आणि खालचा हीटर थोडा वेळ तापतो. हीटर, त्याचा बायमेटल (गारठ्यानुसार हीटर चालू-बंद करणारा छोटा स्विच), थर्मल फ्यूज किंवा टायमर यांतलं एक जरी गेलं, की बर्फ साचत जातो आणि हवेची वाट बंद होते. वर गारठा, खाली ऊब.

हे मला ठाऊक आहे कारण माझ्या आईच्या फ्रिजचं अगदी असंच झालं होतं. एका वर्षात दोनदा गॅस भरला, एकदा २,८०० आणि एकदा ३,०००. दोन्ही वेळा आठवडाभर फ्रिज छान चालला, कारण काम करताना तो तासन्‌तास उघडा राहून आतला बर्फ आपोआप वितळला होता. तिसऱ्या माणसाने पहिल्यांदा पॅनेल काढलं. आत कॉइल दिसतच नव्हती, नुसती पांढरी भिंत. हीटरची तार तुटली होती. बिल झालं १,४००. ते आधीचे ५,८०० रुपये आईच्या पेन्शनमधले होते, म्हणून तुमचं पत्र वाचून मला स्वस्थ बसवेना.

तर आधी हे करा. शनिवारी रात्री डबे नसतील तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि २४ तास तसाच राहू द्या. बर्फ काढायला सुरी किंवा उलथणं अजिबात लावू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस निघून जाईल आणि आज नसलेला मोठा खर्च उभा राहील. रविवारी रात्री चालू करा. चार-आठ दिवस खालचा कप्पा छान गार राहिला आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या भागांत आहे असं धरा. बर्फ काढूनही खाली गारवा आलाच नाही, तर पंख्याकडे पाहा. फ्रीझरचं दार उघडून कडेचं दाराचं बटण बोटाने दाबून धरा, आत पंख्याची घरघर ऐकू यायला हवी.

एक छोटी गोष्ट लगे हाथ तपासा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर, म्हणजे गॅस्केट, सैल आहे. ढिल्या रबरातून दमट हवा आत जाते आणि बर्फही वाढतो, बिलही.

मग दुसरा मेकॅनिक बोलवा. तीन-चारशे रुपये व्हिजिट चार्ज आनंदाने द्या, पण अट घाला की पॅनेल उघडून, हीटर आणि फ्यूज मीटरने तपासून दाखवायचा. बदललेला जुना पार्ट तुमच्या हातात मिळाला पाहिजे आणि बिल लेखी हवं. हीटर, बायमेटल, फ्यूज मजुरीसकट साधारण दीड-दोन हजारांत बसतात. पंख्याची मोटरही साधारण तेवढ्यातच. कंट्रोल बोर्ड निघाला तर तीन-चार हजार. या सगळ्यांत माझं उत्तर एकच: दुरुस्त करा.

कोणी ‘गॅस कमी झालाय’ म्हणालं तर विचारा, गळती कुठे आहे? फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. गळती न शोधता, फिल्टर न बदलता आणि व्हॅक्यूम न करता, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून न काढता, गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. मागच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो ज्वलनशील गॅस आहे. ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या, स्वयंपाकघरात कोणालाही जोडकामाची ज्योत पेटवू देऊ नका.

आणि समजा खरंच कॉम्प्रेसर गेलेला निघाला, तर पैसे देण्याआधी वॉरंटी कार्ड शोधा. पुष्कळ कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. तुमच्या फ्रिजला नऊच झालीत. गॅस आणि मजुरी बहुधा तुमच्याकडेच राहील, तरी ९,२०० मधला मोठा आकडा गळून पडेल. वॉरंटी असूनही टोलवाटोलवी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

नवा फ्रिज घ्यायची वेळ दोनच बाबतीत येते: कॉम्प्रेसर खरंच गेलेला आणि वॉरंटीबाहेर असेल किंवा गळती फ्रिजच्या भिंतीत, फोमच्या आत असेल. तेव्हा मात्र मागे-पुढे पाहू नका. तुम्ही लिहिलंय की बर्फाची लादी आणि फेकलेलं दूध धरून रोज ७० रुपये जातात. महिन्याचे २,१०० झाले, जवळजवळ एक हप्ताच. फ्रिज हे तुमच्या धंद्याचं साधन आहे, त्यामुळे चार महिने कळ काढण्यात बचत नाही.

दुकानदार विजेच्या बचतीचं सांगेल, म्हणून तेही पाहू. तुमच्या जुन्या स्टिकरवर वर्षाला २९० युनिट आहेत, नव्यावर २००. तुमच्या बिलाप्रमाणे युनिट १२ रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला १,०८० रुपये वाचतील. २५,००० वसूल व्हायला तेवीस वर्षं लागतील. तेवढ्यासाठी चालता फ्रिज काढू नये.

आता हप्ते. रोख दिले तर तोच फ्रिज २५,२०० ला मिळतो, असं तुम्हीच विचारून आलात, फार बरं केलंत. हप्त्यावर २७,००० आणि वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३५. एकूण २,०३५ रुपये जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर हा दर वर्षाला पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं.

त्यापेक्षा भिशीतल्या मैत्रिणींना विचारा, या महिन्याचा नंबर कोणी बदलून देईल का. सांगलीकडे अडीनडीला असे नंबर सर्रास बदलतात आणि त्याला एक रुपया व्याज पडत नाही. नाहीच जमलं तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. बँका ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त घेतात. आठ टक्के धरले तरी २५,२०० वर चार महिन्यांचं व्याज ६७० च्या आसपास. भिशी आली की २४,००० भरा, वरचे थोडे डब्यांच्या पैशातून. एफडी जागेवर राहील.

रविवारी रात्री फ्रिज चालू केल्यावर कॅलेंडरवर तारखेला खूण करा. खालचं दूध कितव्या दिवशी नासलं आणि दुसऱ्या मेकॅनिकने मीटर लावून काय सांगितलं, एवढं मला कळवा. नव्या फ्रिजचा विषय त्यानंतर काढू.