‘हलकं काम’ मागू नकोस

प्रिय मुली,

अपस्मारामुळे (फिट येतात म्हणून) हलकं काम मागणारा तुझा नर्सच्या नोकरीतला अर्ज वाचला. एकदा वाचून गलबलून आलं, दुसऱ्यांदा वाचल्यावर मात्र राग आला. तो वाचून तुमच्या मेट्रनलाही, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखबाईंनाही, गलबलून येईल, त्याचं काय करायचं? त्या ‘अगं बाई, सांभाळ हो’ म्हणतील आणि पुढच्या महिन्याच्या रोस्टरवर तुझ्या नावापुढे परत एन, एन, एन, ऑफ, म्हणजे सलग तीन नाइट आणि मग सुट्टी, असं लिहितील. आणि त्यांची त्यात काही चूक नसेल. दीड पानाच्या अर्जात त्यांनी नेमकं काय करायचं हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

‘मला अपस्माराचा त्रास असून माझी प्रकृती नाजूक आहे. तरी मला हलके काम देण्यात यावे व सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ नाजूक कोण? दोन धडधाकट वॉर्डबॉय येईपर्यंत एकटीने पेशंट कुशीवर वळवणारी तू, तू नाजूक? आणि वॉर्डात हलकं काम कुठलं असतं ते मला एकदा दाखव. तुझ्या न्यूरॉलॉजिस्टनेही तेच इंग्रजीत लिहून दिलंय, ‘लाइट ड्यूटी’. हा शब्द मी नोकरीभर पाहिला. पाठीचं दुखणं असो, बाळंतपण असो, टीबी असो, सगळ्यांना लाइट ड्यूटी. त्याचा अर्थ इन्चार्जच्या मनाला येईल तो. कुणाला लिनन मोजायला बसवतील, तर कुणाला ‘रात्री पेशंट झोपलेलेच असतात, काम हलकंच असतं’ म्हणून नाइटलाच टाकतील. हसू नकोस, हे झालेलं आहे.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. मर्यादा घड्याळात सांग. त्रास किती होतो, रडू किती येतं, आई किती काळजी करते, यातलं काही रोस्टरच्या चौकोनात बसत नाही. तास बसतात.

तुझा आजार तुला मी शिकवायला नको. तुझ्या प्रकारच्या अपस्मारात, जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीत, झोप मोडली की सकाळी उठल्यावर हातापायांना झटके येतात, आणि तसंच रेटलं तर मोठी फिट येते, हे तू परीक्षेत लिहून आली आहेस. सलग दुसऱ्या नाइटनंतर सकाळी साडेसहाला ब्लड कलेक्शन करताना हात झटकला जाऊन ट्यूब फरशीवर फुटली, हे तू मला फोनवर सांगितलंस. अर्जात का नाही? तिथे ‘कधीकधी अस्वस्थ वाटते’ आहे. पुढच्या वेळी हातात ट्यूबच्या जागी पोटॅशियम भरलेली सिरिंज असेल, किंवा एनआयसीयूतलं, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं, बाळ असेल. ही गोष्ट हॉस्पिटलला कळायलाच हवी, तुझ्यासाठीही आणि त्या बाळासाठीही. ‘सांगू की नको’ असं तू विचारलंस, त्यावर माझं उत्तर एवढंच. दुसऱ्या पेशात असतीस तर कदाचित थांब म्हटलं असतं.

आता घड्याळ. कागद घे आणि लिही. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ड्यूटी नको. दोन ड्यूट्यांच्या मध्ये किमान 12 तास हवेत, म्हणजे रात्री आठला इव्हनिंग संपवून घरी पोचायला दहा आणि परत पहाटे पाचला उठून मॉर्निंगला धाव, हे नको. डबल ड्यूटी नको, पुढच्या पाळीची रिलीव्हर आली नाही तरी नको. सकाळी आठ आणि रात्री आठला फिटवरची लेव्हेटिरासिटामची गोळी चुकता कामा नये, म्हणून पुढच्या पाळीला हॅंडओव्हर देण्याच्या गडबडीतही तेवढी दोन मिनिटं हवीत. झालं. चार ओळी. त्यानंतर लगेच, त्याच पानावर, काय करशील ते लिही: मॉर्निंग आणि इव्हनिंग दोन्ही करेन, रविवार करेन, सणाच्या ड्यूट्या इतरांपेक्षा जास्त घेईन. आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांचं नवं पत्र देईन, तेव्हा फेरविचार करावा. ही शेवटची ओळ गाळू नकोस. कायमची सूट द्यायला प्रशासन घाबरतं. सहा महिन्यांची सही सहज होते, आणि एकदा झाली की पुढचीही होते.

डॉक्टरांकडे परत जा आणि पत्र बदलून आण. संकोच कसला? ‘कामासाठी तंदुरुस्त, रात्रपाळी व सलग दोन पाळ्या वर्ज्य’ एवढंच लिहून द्या म्हणावं. ‘तंदुरुस्त’ हा शब्द आधी यायला हवा. नाहीतर एचआरमधला एखादा हुशार तेच पत्र पुढे करून तुला घरी बसवेल. एमआरआय, ईईजीच्या फायली जोडू नकोस. तुझ्या मेंदूच्या लहरी अकाउंट्सवाल्यांनी बघायचं काही कारण नाही.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये, हे तुला माहीत आहे. तू ट्रेनिंगला आमच्या वॉर्डात आलीस तेव्हा माझ्या एप्रनच्या खिशात पार्ले-जी का असतो म्हणून तुम्ही पोरी आपापसात हसायचात. लहानपणापासूनचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तेव्हा आतासारखी पेनं आणि चोवीस तास चालणारी इन्सुलिनं नव्हती. संध्याकाळी टोचलं की वेळेवर जेवायलाच लागायचं. नाइटला आठ वाजता रिपोर्टिंग, नऊला राउंड, त्यात एक कॅज्युअल्टीची केस आली की डबा उघडायला बारा. साखर उतरून घाम सुटलेला असताना, थरथरत्या हाताने मी सलाइनचे थेंब मोजलेत. मेट्रनना मी सांगितलं ते आजार म्हणून सांगितलंच नाही. मला साडेआठला वीस मिनिटं जेवायला द्या आणि नाइट नको, त्या बदल्यात इव्हनिंग कितीही लावा, असं कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘हे जमण्यासारखं आहे.’ बाईंना मी पुढे कितीही नावं ठेवली असली तरी त्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

फुकट काही मिळालं नाही. इव्हनिंग कितीही म्हटलं होतं, त्यांनी ती लावली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी घरी नसायचेच. गौरी जेवायच्या दिवशी सासूबाईंनी एकटीने पुरणाचा घाट घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘आमच्या सूनबाईंना नोकरी प्यारी’ असं ऐकवलं. माझा मुलगा आजही म्हणतो, आई, तुझ्या हट्टापायी आमची दिवाळी दुपारी व्हायची. होय, दुपारी व्हायची. पण आई होती ना? हे मी त्याला सांगते तेव्हा तो गप्प बसतो, आणि मला ते फारसं बरं वाटत नाही.

आणि इन्चार्जशिप. माझ्यापेक्षा ज्युनिअर दोघी झाल्या, मी झाले नाही. कारण काय सांगितलं? ‘तुम्ही नाइट करत नाही.’ अगं, वॉर्ड इन्चार्जला नाइट नसतेच! तिची जनरल ड्यूटी असते, सकाळी येते, दुपारी जाते. मधुमेही बाईसाठी त्याहून सोयीची जागा अख्ख्या हॉस्पिटलात नव्हती. हे मी तेव्हा बोलले, लेखी दिलं, आणि त्याला उत्तर आलं नाही. लोक म्हणतात, थोडं जुळवून घेतलं असतंस, वर्षाकाठी चार नाइट ओढल्या असत्यास तर खुर्ची मिळाली असती. कदाचित मिळाली असती. पण चार नाइट ओढणारीला पुढच्या वर्षी आठ का जमत नाहीत, हे कुणाला समजावणार होते? एकदा ‘जमवून घेते’ म्हटलं की घड्याळ गेलं, मग उरते ती मर्जी. मी आजही तेच करेन. खुर्चीचं मात्र वाईट वाटतं, ते लपवण्यात काय अर्थ.

तू कायद्याचं विचारलंस. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिलेत, अपस्मार त्यात स्वतंत्र नाही. म्हणून कुणीतरी तुला ‘40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आण, मग बोल’ म्हणालं. त्यांना सांग, फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात निकाल दिलाय. त्याला लिहिताना हात आखडायचा, 40 टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगत्वामुळे लागणारा रास्त बदल, मिळायला 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. मात्र स्वतःची फसवणूक करून घेऊ नकोस. अशी सोय करून देण्याचं थेट बंधन कलम 20 ने सरकारी आस्थापनांवर घातलंय. तुझ्यासारख्या खासगी हॉस्पिटलला कलम 21 प्रमाणे समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. ते धोरण एचआरकडे माग, शांतपणे माग. बहुतेक ते शोधाशोध करतील, आणि त्या शोधाशोधीतच तुझा अर्ज जरा वरच्या ढिगात जाईल. पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर तू ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असशील. फिटनंतर डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलीच तर त्या दिवसांसाठी आजारपणाचा लाभ मिळतो, तो सोडू नकोस. पण अर्जात कलमं घालू नकोस. पहिल्या अर्जात कलम दिसलं की तो मेट्रनकडून उठून वकिलाकडे जातो.

आईचा मुद्दा राहिला. ‘हॉस्पिटलात सांगितलंस तर गावभर होईल, स्थळं येणार नाहीत.’ त्यांची भीती खोटी नाही, त्यांच्या पिढीत हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार अडसर म्हणून लिहिलेला होता. तो उल्लेख 1999 मध्ये काढून टाकला, हे त्यांना सांग. आणि जे स्थळ तुझ्या गोळ्यांची वेळ ऐकून पळेल ते पळालेलंच बरं, हे मी सांगितलं म्हणून सांग. माझ्यावर चिडू देत.

मैत्रिणींचं तुला जास्त जड जाईल. तुझ्या नाइट त्यांच्यावर पडणार, त्या कुजबुजणार. बाजू मांडत फिरू नकोस. गणपतीत, दिवाळीत, ज्या दिवशी त्यांना घरी जायचंय त्या दिवशी तू उभी राहा. पहिलं वर्ष टोमण्यांत जाईल. आणि प्रत्येक शिफ्टमधल्या दोघींना नीट सांगून ठेव: फिट आली तर कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका. नर्सेसना हे काय सांगायचं असं वाटेल तुला, पण हॉस्पिटलच्या आवारातसुद्धा कांदा आणि चप्पल घेऊन धावणारी माणसं मी पाहिली आहेत.

तुमचं रोस्टर 25 तारखेला लागतं म्हणालीस. म्हणजे अर्ज 20 च्या आत द्यायला हवा. दोन प्रती काढ, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घे. तोंडी ‘बघू’ म्हणाल्या तरी पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नकोस. नवा मसुदा आधी मला पाठव. त्यात ‘नाजूक’ किंवा ‘सहानुभूतीपूर्वक’ दिसलं तर मी लाल पेनने खोडून परत पाठवणार आहे. गोळी घेतलीस ना आज?

तुझी,
वॉर्डातली जुनी सिस्टर